‘इतर’च्या रकान्यातली माणसं

१ जून २०२४ ची संध्याकाळ. लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि साडेसहानंतर सगळ्या चॅनेलवर एक्झिट पोलचा धुरळा उडाला. आमचं वडूज माढा लोकसभा मतदारसंघात येतं. आमच्याकडं ७ मेलाच मतदान झालं होतं, त्यामुळं गावात निवडणूक थंडावली होती. तरी त्या संध्याकाळी वस्तीतल्या एका घरी टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. एका पोलनं एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, दुसऱ्यानं सरळ चारशेच्या आसपास. संविधान बदलायला चारशे पाहिजेत असं बोललेली माणसं आमच्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळं घरात कुणी बोलेना. मग महाराष्ट्राचा तक्ता आला. वर महायुती, खाली महाविकास आघाडी आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘इतर’. नुकतीच बारावी झालेला एक पोरगा मला म्हणाला, “ताई, इतर म्हणजे आपणच ना?”

सगळे हसले. मीही हसले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

४ जूनला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भाजप २४० वर थांबला. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा मविआला, १७ महायुतीला. ३६१ ते ४०१ सांगणाऱ्या कंपनीचे प्रमुख स्टुडिओत सगळ्यांसमोर रडले. आमच्या ग्रुपवर त्या रडण्याचे व्हिडिओ रात्रभर फिरले. ‘इतर’च्या रकान्यातही एक आकडा आला, पण तो सांगलीच्या विशाल पाटलांचा, म्हणजे वसंतदादांच्या नातवाचा. ‘इतर’ व्हायलासुद्धा आपल्याकडं घराणं लागतं.

नोव्हेंबरात विधानसभा झाली. २० तारखेला पुन्हा पोल आले. बहुतेकांनी महायुतीला पुढं दाखवलं, एकदोघांनी मविआला. आमच्या ग्रुपवर कोणते फिरले? तेच एकदोन. २३ तारखेला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ आणि मविआच्या तिन्ही मोठ्या पक्षांचे मिळून ४६. महायुतीला एवढं यश बहुतेक पोलनीही दिलं नव्हतं. म्हणजे जूनमध्ये ज्यांना आपण ‘गोदी मीडियाचे विकलेले पोलवाले’ म्हणालो, त्यातल्या बऱ्याच जणांनी नोव्हेंबरात त्याच सत्ताधाऱ्यांना कमी लेखलं होतं. साहेबांना खूश करायला आकडे फुगवतात हे खरं असेल, तर तेव्हा आकडे उतरवले कशाला? हा प्रश्न आमच्या एकाही ग्रुपवर कुणी विचारला नाही. मीही नाही विचारला, तेव्हा मला कुणी ऐकलं नसतं.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. त्याचा उपयोग रोजच्या कामात किती होतो हा वेगळा विषय, पण एक गोष्ट पक्की कळली. पोल चुकला म्हणजे तो विकलेलाच होता, असं होत नाही. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांतला फरक एक टक्क्याच्याही आत होता. जागांतला फरक मात्र ३० आणि १७. मतांचा अंदाज थोडा हुकला की जागांचा अंदाज धाडकन पडतो, मग पोल करणारा कितीही प्रामाणिक असो. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या काळातही पोलवाल्यांनी वाजपेयी सरकार परत आणलंच होतं. चूक हा या धंद्याचा जुना सोबती आहे.

मग माध्यमांचा पक्षपात नाहीच का? आहे, आणि चांगला मुरलेला आहे. फक्त आपण तो चुकीच्या ठिकाणी शोधतो. तो कुठं आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते एका सर्व्हेच्या कामात.

एम.ए. संपल्यावर हाताला काम नव्हतं. २०१४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत एका एजन्सीसाठी फॉर्म भरायचं काम मिळालं. एका फॉर्ममागं ठरलेले पैसे. एसटीनं गावात उतरायचं, घरोघरी जायचं, दहा-बारा प्रश्न विचारायचे. पहिल्याच दिवशी एका मोठ्या घरात बाईंनी दार उघडलं आणि माझ्या प्रश्नाआधी त्यांचा प्रश्न आला, “आडनाव काय गं तुझं?” माझं आडनाव दोन्हीकडं चालणारं आहे, मराठ्यांतही आणि बौद्धांतही. बाईंना वाटलं मी त्यांच्यातलीच. चहा आला, खुर्ची आली, आणि ‘त्या लोकांना सगळं फुकट मिळतंय’ हेही मोकळेपणानं आलं. मी मान खाली घालून फॉर्म भरत राहिले. आज त्याचा राग येतो, बाईंचा नाही, माझाच. त्याच गावच्या आपल्या वस्तीत गेले तर उलटं. आडनाव ऐकून माणसं आवळून बसली. “आमचं काय, सायब सांगतील त्याला.” मी जयभीम म्हटलं, विहाराचं बोलणं काढलं, तेव्हा म्हातारा सैल झाला आणि म्हणाला, “खोड ते पहिलं लिवलेलं.”

ते खोडलेलं उत्तर मी कधी विसरणार नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर पहिलं उत्तरच संगणकात गेलं असतं आणि त्याला ‘दलित मतदारांचा कल’ असं नाव मिळालं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही सकाळी दहा ते दुपारी चार फिरायचो. त्या वेळेला वस्तीत असतं कोण? शेतमजूर बाया बटाटा काढायला नाहीतर खुरपायला गेलेल्या. गडी माणूस कुणाच्या बांधकामावर. माण-खटावची कितीतरी तरणी पोरं मुंबईला नाहीतर परराज्यात गलाईच्या दुकानात. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून फॉर्म भरायचे. आणि सुपरवायझरचा फोन, आज एवढे झालेच पाहिजेत. संध्याकाळी एसटी स्टँडच्या बाकावर बसून उरलेले फॉर्म ‘भरून टाकणारे’ माझ्याबरोबरचे दोघं मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना कुठल्याच पक्षानं पैसे दिले नव्हते. त्यांना फक्त शेवटची गाडी चुकवायची नव्हती.

फॉर्ममध्ये पक्षांची यादी होती. आंबेडकरी पक्षाचं नाव कुणी घेतलं की शेवटच्या ‘इतर’वर खूण करायची. त्या वस्तीत जितकी खूण केली ती बहुतेक तिथंच. मी स्वतःच्या हातानं आपल्या माणसांना इतर करत होते. का कुणाला मत देता, हा प्रश्न फॉर्ममध्ये होता, पण तो ‘इतर’वाल्यांना विचारायचा नव्हता. पुढच्या पानावर जा, असं लिहिलेलं होतं.

पक्षपात इथं आहे. आकडा वरखाली होण्यात तो फार नाही. आपल्याला ‘का’ हा प्रश्न विचारलाच जात नाही, आपलं ‘का’ दुसरेच सांगतात, त्यात तो आहे.

२०१९ आठवा. वंचित आणि एमआयएमच्या आघाडीला लोकसभेला राज्यात ४१ लाखांवर मतं पडली. शेजारच्या सांगलीत गोपीचंद पडळकरांना तीन लाखांवर. सोलापुरात बाळासाहेब आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार. धनगर, बौद्ध, मुस्लिम, छोट्या ओबीसी जाती एका मंचावर आल्या, ही समाजशास्त्राच्या दृष्टीनं केवढी मोठी घटना! पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात विश्लेषण काय, तर ‘वंचितमुळे आघाडीच्या जागा पडल्या’. सांगलीत भाजप सुमारे १ लाख ६४ हजारांनी जिंकला, सोलापुरात सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजारांनी हरले, म्हणून आमची मतं जणू त्यांच्या घरातून चोरीला गेली होती. ‘बी टीम’ हा शब्द भाजपच्या चॅनेलनी चालवला नाही. तो पुरोगामी म्हणवणाऱ्या संपादकांनी चालवला. पुढं काही महिन्यांतच पडळकर भाजपमध्ये गेले आणि त्या शब्दाला आयतं कोलीत मिळालं, हे खरंच आहे, ते आपण लपवू नये. पण तीन लाख माणसं काही पडळकरांबरोबर भाजपमध्ये गेली नव्हती. त्यांना कुणी विचारायला आलं नाही.

२०२४ च्या जूनमध्ये हीच वस्ती मविआकडं झुकली, संविधानाच्या काळजीनं. आता तरी आपल्या शहाणपणाचं नाव होईल असं वाटलं होतं. तर दुसऱ्या बाजूनं ‘फेक नॅरेटिव्ह’. म्हणजे कुणीतरी अफवा सोडली आणि आमची भोळी माणसं घाबरली. आमच्या वस्तीतली सातवी शिकलेली बाईसुद्धा घटनेतलं कलम १७ कशाचं ते सांगते. चॅनेलवर चर्चा करणाऱ्या चौघांपैकी किती जण सांगतील, मला शंका आहे. नोव्हेंबरात उत्तर तयारच होतं, ‘लाडकी बहीण’. पंधराशे रुपये. स्वतंत्र उभे राहिलो तर मतं फोडणारे, एका बाजूला गेलो तर अफवेला बळी पडलेले, दुसऱ्या बाजूला गेलो तर विकले गेलेले. तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे, आम्हाला डोकं नाही.

आता मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, ती लिहायला जड जातंय.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म मीच भरून दिले होते. आमच्या बचत गटातल्या बाया, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, फोटो. मोबाईलवर ॲप उघडायचं नाही, उघडलं तर ओटीपी यायचा नाही. रात्री अकरा-अकरापर्यंत बसलोय. रक्षाबंधनाच्या आधी दोन हप्त्यांचे तीन हजार आले तेव्हा बायांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला. आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागल्यावर, दुपारभर टीव्ही बघून डोकं तापल्यावर, त्याच बायांसमोर मी बोलून गेले, “पंधराशेला विकल्या गेलात तुम्ही.”

वस्तीत आमची एक आत्या आहे. नात्यानं माझी कुणी नाही, पण वस्तीची ती आत्याच. रोजानं शेतात जाते. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, “कुणाला दिलं मी मत?”

मी गप्प.

“सांग की. तुला म्हाईत हाय म्हणून तर बोललीस ना?”

मी म्हटलं, टीव्हीवर सांगतायत, बायांनी…

“टीव्हीवाला आला व्हता व्हय माझ्याकडं? तू तरी इचारलंस का? पैसं आलं ते पोरीच्या परीक्षेला भरलं. पैसं सरकारचं, म्हंजी माझंच. मत माझं. त्याचा आन् ह्याचा संबंध तू कुठनं जोडलास?”

आत्यानं कुणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. गुप्त मतदान हा तिचा हक्क आहे आणि आत्यानं तो माझ्यासारख्या कार्यकर्तीपासूनसुद्धा राखला. मी मात्र कसलाही फॉर्म न भरता, एकाही घराचं दार न वाजवता, स्टुडिओतल्या माणसाचं वाक्य उचललं होतं आणि आपल्याच बाईच्या तोंडावर मारलं होतं. त्यानं निदान सूट घातला होता, मी निळा दुपट्टा घालून तेच केलं.

यातून शहाणी झाले म्हणाल तर तेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएसच्या संजय कुमारांनी रामटेक आणि देवळाली मतदारसंघातले मतदार लोकसभा ते विधानसभा एकदम घटल्याचे आकडे टाकले. मी वाचले आणि मिनिटाच्या आत सहा ग्रुपवर पाठवले. मतदार यादीतला घोटाळा, हा बघा पुरावा! १९ ऑगस्टला त्यांनी पोस्ट काढली आणि आकडे वाचण्यात चूक झाली म्हणून माफी मागितली. ती माफी मी किती ग्रुपवर पाठवली? एकाही नाही. पाहिली आणि फोन खाली ठेवला. दोन दिवसांनी एका पोरानं विचारलं तेव्हा ‘हो, चुकलंय ते’ एवढंच लिहिलं. तिकडं सत्ताधाऱ्यांच्या लोकांनी एका चुकीवरून अख्खी संस्था देशद्रोही ठरवली, नागपूर आणि नाशिकला गुन्हे दाखल झाले. आपल्याला हे परवडणारं नाही. दलितांनी, त्यातही स्त्रियांनी कसं मत दिलं, याचा निवडणुकीमागून निवडणूक अभ्यास करणाऱ्या संस्था या देशात बोटावर मोजण्याइतक्या आहेत आणि लोकनीती-सीएसडीएस त्यातली एक. त्यांची चूक दाखवायची तर ती त्यांच्यासारखं मोजून दाखवायला हवी. मी त्यांना आधी डोक्यावर घेतलं आणि मग वाऱ्यावर सोडलं.

माध्यमांबद्दल बोलताना आपण बाबासाहेबांचं १९४३ चं पुण्यातलं रानडे, गांधी आणि जिना यांच्यावरचं भाषण काढतो. पत्रकारिता हा धंदा झालाय, साबण तयार करण्याइतकीच नैतिक जबाबदारी त्यात उरली आहे, असा त्यांचा आरोप होता. तो आपण बरोबर वापरतो. पण १९५२ मध्ये मुंबईतून ते लोकसभेला हरले तेव्हा त्यांनी काय केलं, ते सांगत नाही. साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी ते पडले होते आणि बाद ठरलेली मतं होती ७४,३३३. अशोक मेहतांसोबत त्यांनी निवडणुकीविरुद्ध रीतसर अर्ज केला, तो आकडा पुढं ठेवून. पेपरवाल्यांना शिव्या देऊन ते थांबले नाहीत, ते हिशेबात शिरले.

आमच्याच माढा लोकसभा मतदारसंघातल्या मारकडवाडीनं २०२४ च्या डिसेंबरात असाच हिशेब स्वतः करायचा घाट घातला. माळशिरस तालुक्यातलं हे गाव. उत्तम जानकर आमदार झाले, पण गावात त्यांना कमी मतं दिसली म्हणून गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आणले, गुन्हे दाखल केले. गावानं स्वतः मोजायचं म्हटलं तर सरकारला एवढी भीती का वाटावी, हा प्रश्न मी विचारणारच. पण मारकडवाडीची पद्धत बरोबर होती असंही मी म्हणणार नाही. एक गट येणार, दुसरा येणार नाही, कोण आलं ते अख्खं गाव बघणार. “आडनाव काय गं तुझं” हा प्रश्न तिथं पेटीच्या शेजारीच उभा राहिला असता.

म्हणून मी गेले काही महिने पोरांच्या मागं लागले आहे, आधी सरकारी कागद वाचायला शिका. मतदान संपल्यावर केंद्रावर १७ सी नावाचा फॉर्म मिळतो, त्यात किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. तो पोलिंग एजंटला मिळतो, मागून घ्यावा लागतो. निकालानंतर बूथवार मतांचा फॉर्म २० येतो, तो कुणालाही पाहता येतो. आम्ही विहारात बसून माण मतदारसंघाचा फॉर्म २० चाळला. पहिल्या तासातच पोरांचा उत्साह उतरला, कारण आपली वस्ती एकट्या बूथवर नाही. आजूबाजूच्या आळ्या त्यात मिसळलेल्या. म्हणजे ‘बौद्धांनी इतकी मतं दिली’ असं त्या कागदावरून कुणालाच म्हणता येत नाही, ना चॅनेलला, ना आपल्या नेत्यांना, जे दर निवडणुकीआधी वस्तीची मतं खिशात असल्यासारखी वाटाघाटीला बसतात. एका पोराला हे फार लागलं. “मग आपली ताकद दाखवायची कशी?” म्हणाला. मी म्हटलं, आधी बघू तरी.

आता रविवारच्या वंदनेनंतर चौघं पोरं आणि तीन पोरी वही घेऊन घरोघर जातात. संध्याकाळी जातात, बाया कामावरून आल्यावर. कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही, हा पहिला नियम. मत देताना काय बघितलंत, कुणाशी बोललात, कुणी दबाव आणला का, बातम्या कुठं बघता, आणि कुठल्या बातमीवर विश्वास बसत नाही, एवढंच. उत्तर आहे तसं, माणसाच्याच शब्दांत लिहायचं. ‘इतर’ नावाचा रकाना काढून टाकलाय. काम हळू चाललंय, आतापर्यंतच्या घरांवरून काही सांगण्याची माझी हिंमत नाही.

वहीचं पहिलं पान छापायच्या आधी मी आत्याकडं नेलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्या पोरीनं वाचून दाखवलं. दुसऱ्या प्रश्नावर आत्यानं तिला थांबवलं. मी लिहिलं होतं, ‘योजनेच्या लाभार्थी महिलांनी…’ ती म्हणाली, “ते लाभार्थी खोड. बाया लिव.”